समोरची काच

ताडपत्री ओढली तसा आतून कोंदट वास आला. हर्षलाने नाकाला ओढणी लावली. गाडीच्या काचांवर आतल्या बाजूने पाण्याचे थेंब धरले होते.

"आबा, गाडी हाय का पेंढ्याची उडवी? अशी आवळून कोण बांधतं?"

गजा सुंभाच्या गाठी सोडत राहिला. सव्वा महिन्यापूर्वी त्यानेच त्या मारल्या होत्या. त्या दिवशी त्याची बायको, सोनुबाई, खालापूरच्या दवाखान्यातून रुग्णवाहिकेत, पांढऱ्या चादरीखाली परत आली आणि मागोमाग तो गाडी रिकामी घेऊन आला. भर पावसात त्याने ती झाकली, चारी कोपरे आवळले आणि पुन्हा तिच्याकडे बघितलं नाही. ओला पेंढा झाकला तर आतून उबतो आणि कुजतो, हे पळसदरीत त्याला कोणी शिकवावं असं नव्हतं. ओली गाडी मात्र त्याने झाकली.

हर्षलाने चारी दारं उघडली. लेक खालापूरला दिलेली. सुट्टी बघून, उघडीप बघून आली होती. तिने पायातली मॅट काढून कुंपणावर टाकली. खालच्या कार्पेटवर हात दाबला तर बोटांच्या मधून पाणी वर आलं. सीटवरचं नव्या गाडीचं प्लॅस्टिक चार वर्षांनंतरही तसंच होतं. तिने ते टराटरा फाडलं.

"अगं, ऱ्हाऊ दे ते."

"ह्याच्याखाली काय पिकलंय बघा." खाली पांढरी बुरशी होती. "घाम जायला जागा नको?"

तिने जुने पेपर पसरले. घरातून खडेमीठ आणलं, फडक्याच्या दोन पुरचुंड्या बांधल्या आणि सीटखाली सरकवल्या.

"मिठानं काय व्हनार?"

"पावसात मिठाला पाणी सुटतं ना? हवेतली ओल ओढतं म्हनून सुटतं. हितलीबी ओढंल."

तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. तिने दारं लावली, स्टेअरिंगवर बसली आणि बापाला शेजारी बोलावलं. गजा डाव्या सीटवर बसला. या सीटवर तो कधी बसला नव्हता.

दोघांच्या श्वासाने समोरची काच धुरकटली. गजाने खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि पुसायला लागला.

"पुसू नका. पुसलं तरी परत धरतं." हर्षलाने गाडी चालू केली आणि एक बटण दाबलं. काचेवर हवा सुटली. खालून वर काच उघडत गेली. चूळ भरायला लागतो तेवढा वेळ. कुंपण दिसलं, मॅट दिसली, पार वळणापर्यंतचा रस्ता दिसला.

"पावसात ए.सी. लावायचा, आबा. ही वाफ भायेरची नसती. आपल्याच श्वासाची असती."

"एवढ्यात जाती?"

"एवढ्यात."

गजा काचेकडे बघत राहिला. त्या दिवशी सोनुबाईला दवाखान्यात नेताना त्याला वाटलं होतं पाऊस काचेवर आहे. त्याने वायपर जोरात लावला, तरी रस्ता दिसेना. माणूस चालतो तशी गाडी चालवली. दोनदा कडेला थांबवली. सोनुबाई पदराने काच पुसत होती, आधी आपल्या बाजूची, मग वाकून त्याच्या बाजूची. तिला जेवढी धाप लागे तेवढी काच जास्त धुरकटे. खालापूरला डॉक्टर एवढंच म्हणाले होते, अर्धा तास आधी यायला हवं होतं.

"मला ठाव नव्हतं ह्ये," तो म्हणाला. "तिलाबी नव्हतं."

"आयेला ठाव व्हतं की."

गजाने मान वळवली.

"गेल्या साली गौरीला आल्ते ना, तवा मीच दाखवलं. हितंच बसलो व्हतो दोघी, तुमी भजनाला गेल्ता. दोनदा दाबून बघितलं तिनं. 'एवढंच व्हय गं?' म्हनली." हर्षला हसली आणि मग थांबली. "त्या दिवशी बोलली नाय का ती तुमाला?"

"दम लागला व्हता. बोलवत नव्हतं तिला."

ते खोटं नव्हतं. तिला खरंच बोलवत नव्हतं. पण खोपोलीच्या अलीकडे तिचा हात पुढे आला होता. या बटणापर्यंत आला होता. "हात काढ," तो खेकसला होता. "गाडीत कशाला हात नको लावू." नवीन काही नव्हतं, चार वर्षं तो हेच म्हणत होता. हात मागे गेला. मग तिने पुन्हा पदर हातात घेतला.

हर्षलाने बटण बंद केलं. "आता तुमी लावा. परत येकटे गेलात कुटं तर याया पायजे."

काचेच्या कडा पांढुरक्या व्हायला लागल्या.

"लावा ना हात, आबा. काय व्हत नाय."

गजाचे दोन्ही हात मांडीवर होते. ते तसेच राहिले. आधी रस्ता गेला, मग कुंपण गेलं, मग त्याच्यावरची मॅटही दिसेनाशी झाली.