ताटलीतले तीन तुकडे

पास्टर सुशीलने ताटलीवरचा पांढरा रुमाल उचलला आणि तो थबकला. ताटलीत ब्रेडचे तीन तुकडे होते. खोलीत माणसं चार होती.

"नरहर अंकल, एक कम पड़ गया," तो हळूच म्हणाला.

नरहररावांनी मान खाली घातली. ब्रेड सकाळी त्यांनीच घरी कापला होता, कडा काढून, नीट. एक तुकडा पास्टरचा, एक पलंगावरच्या कलावतीकाकूंचा, एक काकूंच्या सुनेचा, पायलचा. स्वतःचा त्यांनी कापलाच नव्हता.

ईस्टरपासून त्यांनी प्रभुभोजन घेतलं नव्हतं, ख्रिस्ताच्या आठवणीत वाटतात तो ब्रेडचा तुकडा खाल्ला नव्हता. चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर बसत आणि ताटली आली की शेजारच्याकडे सरकवत. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. प्रभूच्या मेजाशी येण्याआधी माणसाने स्वतःला पारखावं, असं दर वेळी वाचून दाखवतात. नरहररावांनी ते मनावर घेतलं, आणि पारखणं काही संपेना. आपला विश्वास खरा आहे, की बापाने लावलेली सवय आहे, की नुसतं पुस्तकांतून गोळा केलेलं? जितकं वाचावं तितकं कमी समजत होतं.

आज ते फक्त काकूंसाठी आले होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून काकू पलंगावरच होत्या. सुशीलची हिंदी त्यांना समजे, पण शास्त्रवाचन त्यांना मराठीतच हवं असे, आणि ते वाचायला नरहरराव लागत.

समता कॉलनीतल्या या लहानशा खोलीत शेवटचा बाक नव्हता.

"कापने में रह गया होगा," पायल म्हणाली आणि उठली. "रुकिए अंकल, किचन में ब्रेड है, मैं लाती हूँ."

'हो, राहिला' एवढं म्हटलं असतं तर सगळं झाकलं गेलं असतं. पण मग तो तुकडा खावा लागला असता.

"नको बेटा," नरहरराव म्हणाले. "राहिला नाही. मीच नाही कापला."

पायल दारातच थांबली. शहर राजधानी झाल्यापासून खालचा रस्ता सारखा खोदला जात होता. तिथल्या यंत्राची घरघर तेवढी वर येत राहिली.

काकूंनी उशीवरून मान वळवली. "काहून रे? भांडला का कोणासंग?"

"नाही काकू."

"कोणाचं काही दाबून बसला?"

"नाही."

"मंग काय झालं?"

नरहररावांचे कान तापले. "माझा विश्वास खरा आहे का खोटा, तेच मले समजून नाही राहिलं. खोट्या तोंडानं कसं खाऊ?"

सुशीलने घसा साफ केला. त्याच्याकडे उत्तर असावं. पण काकूंनी हात वर केला, संडेस्कूलमध्ये शिकवताना पोरांना गप्प करायच्या तसा, आणि तो थांबला.

"अन् पारखून काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही निघालं."

"मंग सोडून दे देवाले. रविवारी घरी आरामात लोळ. टीव्ही पाहा."

"नाही जमत, काकू."

हे ते इतक्या पटकन म्हणाले, की स्वतःच चमकले.

काकूंना हसू आलं. हसताना खुबा दुखला तशा त्या कण्हल्या, आणि तरी हसत राहिल्या. "पाहा पास्टर. ह्याले सोडताही येत नाही अन् जेवताही येत नाही. लग्नाले आला अन् मांडवाबाहेर चपला घालून उभा!"

पायलने तोंडावर ओढणी धरली. सुशीलही हसला. नरहररावांना वाटलं, आता आपल्याला राग यायला हवा. तो आला नाही.

"करा प्रार्थना," काकू म्हणाल्या. "मले भूक लागून राहिली."

सुशीलने प्रार्थना केली. नरहररावांनी वाचन केलं. आवाज बारीक निघाला, पण निघाला. मग ताटली पलंगाशी आली. काकूंनी आपला तुकडा उचलला आणि दोन्ही हातांनी तो मोडला. बरोबर अर्धा काही झाला नाही. लहान भाग त्यांनी आपल्या तळहातावर ठेवला आणि मोठा नरहररावांपुढे धरला.

"घे."

"काकू, तुमचा..."

"माझ्या घरी पाहुणा उपाशी बसवून मी नाही खात. तुझं खरं-खोटं देव पाहीन, त्याचं काम हाय ते. घे लवकर, हात दुखून राहिला माझा."

काही ठरवायच्या आधीच नरहररावांनी तुकडा घेतला.

चौघांनी एकदमच खाल्लं. नरहररावांनी डोळे मिटले आणि आता काहीतरी होईल म्हणून वाट पाहिली. काही झालं नाही. ब्रेड ताजा होता, तो कवळीला चिकटून बसला. ते जिभेने सोडवू लागले. सुशीलने आभाराची लहानशी प्रार्थना केली ती त्यांच्या कानावरून गेली. प्रार्थना संपली. सुशील 'आमेन' म्हणाला, मागोमाग पायल म्हणाली. नरहररावांचे नुसते गाल हलत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"हळू चाव," काकू म्हणाल्या. "तुझं मी म्हणते."

आणि त्या 'आमेन' म्हणाल्या. एकदा स्वतःचं, आणि मग, त्याहून मोठ्याने, नरहररावांचं.