नुसतं ‘आलो’

ऑफिसातला एक सर्व्हर प्रत्येक विनंतीला नुसतं “आलो, आलो” एवढंच उत्तर द्यायचा. काम शून्य, आणि मागे विनंत्यांची ही भली मोठी रांग! नेटवर्क सांभाळणाऱ्या साहेबांनी त्याची खोड मोडली आणि जेवताना बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं, “आता ‘आलो’ हे उत्तर धरायचंच नाही. तीन हाका मारायच्या. तरी काम झालं नाही, तर ते सरळ दुसऱ्या सर्व्हरकडे सोपवायचं.”

“बरं झालं सांगितलंस,” बायको म्हणाली.

रविवारी स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. साहेब सोफ्यावर मॅच बघत पसरले होते. पहिल्या हाकेला ते “आलो” म्हणाले, दुसरीला “आलो गं”, तिसरीला “अगं, आलोच म्हटलं ना!” चौथी हाक आलीच नाही, तेव्हा त्यांनी समाधानाने पाय आणखी लांब केले.

तासाभराने बेल वाजली. दारात सासरेबुवा उभे होते, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात फुगलेली बॅग.

“जावईबापू, नळ आत्ता दुरुस्त करतो, पण लेक म्हणाली, रांगेत अजून एकोणचाळीस कामं आहेत, म्हणून महिनाभराचे कपडे घेऊनच आलो!”