बेचाळीस जणांचा पुलाव

ताजिकिस्तानातल्या आमच्या इस्फारा गावात रीतच आहे. मागच्या हंगामात जो फुटबॉल क्लब हरला, त्याच्या कोचने नव्या हंगामाआधी दोन्ही संघांना पुलाव खाऊ घालायचा. सलग तिसऱ्या वर्षी गाजरं चिरायला मीच बसलो होतो. नदीपलीकडच्या क्लबचा कोच कुर्बोनअली समोर आरामात चहा पीत होता.

"तुझे किती येतील? त्या हिशेबानं तांदूळ भिजवतो."

"वीस. तुझे?"

"बावीस. नवा स्ट्रायकर बघशील तर तुझी झोप उडेल."

"गोलकीपरचे डोळे तपासून घेतलेस का पण?"

तांदळाच्या पोत्यात घातलेला हात मी तसाच थांबवला. एकमेकांना थापा मारणं ठीक, पण अन्न वाया घालवणं आमच्यात पाप.

"उस्ताद, खरं सांग."

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "चार. त्यातल्या एकाचा गुडघा गेलाय. तुझे?"

"पाच."

"बाकीचे?"

"मॉस्कोला, बांधकामावर. तुझे?"

"तिथंच."

मी थोडेच तांदूळ भिजवले आणि बायकोची घरातली कढई चुलीवर चढवली. कुर्बोनअली तिच्याकडे बघत राहिला.

"क्लबची मोठी कढई कुठाय रे?"

"पोरं घेऊन गेली. तुझी नि माझी तिकडे एकाच बराकीत राहतात. म्हणाली, घरच्या कढईत आमचं भागत नाही."