फुलपात्र

"नमस्कार, मी आपली काय मदत करू?" शलाकाने आरशात बघून अकराव्यांदा म्हटलं आणि ती सासूबाईंकडे वळली. "आई, जमलं का हो?"

चातुर्मासात आरती-स्तोत्रं सोडली, तर सासूबाईंचं मौन रोजची पूजा झाल्याशिवाय सुटत नसे. वाती वळता वळता त्या नुसत्या हसल्या आणि त्यांनी पाण्याचं फुलपात्र तिच्यापुढे सरकवलं. बोलून बोलून सुनेच्या घशाला कोरड पडलीय, हे त्यांना दिसत होतं.

संवादकौशल्याच्या वर्गाची आज शेवटची परीक्षा होती. पास झाली, तरच रुग्णालयाच्या स्वागतकक्षात नोकरी मिळणार होती. परीक्षक रुग्णाचे चिडलेले नातेवाईक बनून आले आणि टेबलावर हात आपटून ओरडले, "दोन तास झाले! कुणी काही सांगेल का?"

पाठ केलेली सगळी वाक्यं पळाली. मग शलाकाने टेबलावरचा पाण्याचा पेला हळूच त्यांच्यापुढे सरकवला.

परीक्षक ओरडायचं विसरले. पाणी पिऊन खुर्चीत टेकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "माझा धाकटा भाऊ आहे हो आत."

"सांगा, मी ऐकतेय," शलाका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नोकरी मिळाल्याचा फोन आला. "आई!" म्हणत ती देवघरात धावली. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, जन्मात पहिल्यांदा आरतीची दोन कडवी गाळली आणि घंटा खाली ठेवून मांडी ठोकून बसल्या.

"हं, आता पहिल्यापासून सांग. एक शब्दसुद्धा गाळायचा नाही!"