लिस्टवरचं नाव

मनोहर साळवे अमेरिकन आर्मीतून रिटायर झाले त्याला नऊ वर्षं झाली, पण ट्रॉय शहरातल्या त्यांच्या घरात ते क्वचितच सापडायचे. चर्चच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढायला तेच, मराठी मंडळाच्या खुर्च्या लावायला तेच, नातवाला पोहायला सोडायला तेच आणि चर्चमधल्या आजारी माणसांना डॉक्टरकडे न्यायलाही तेच.

त्यांच्या बायकोची, शैलाची, मंगळवारी बायोप्सी होती. गुंगीचं औषध देणार असल्यामुळे तिला स्वतः ड्राइव्ह करता येणार नव्हतं. याल का, म्हणून तिने त्यांना तीनदा विचारलं.

"चर्चचं शेड्यूल आलं की सांगतो," ते तिन्ही वेळा म्हणाले.

शेवटी वैतागून तिने चर्चच्या ऑफिसला फोन केला आणि आजारी माणसांच्या राइडच्या लिस्टमध्ये आपलं नाव घालायला सांगितलं.

"साळवेकाकू, तुमचं?" ऑफिसमधल्या रूथने विचारलं.

"हो, माझंच. लिही."

मंगळवारी मनोहर पहाटेच बर्फ काढायला गेले. बरोबर आठ वाजता बेल वाजली. शैलाने दार उघडलं, तर समोर तेच उभे होते, हातात लिस्ट घेऊन.

"नाव वाचलंत ना?" तिने विचारलं.

"वाचलं की. लगेच हो म्हटलं," ते अभिमानाने म्हणाले. "लिस्टवरच्या माणसाला मी आजवर कधी नाही म्हटलेलं नाही."

 

शैलाने कोट चढवला, गाडीचं मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.