साडेअकराचं ॲव्हरेज

"तुझ्या आईंना पुढच्या रविवारी नेऊ," सोमनाथ बायकोला, प्रेरणाला, म्हणाला आणि गाडीच्या मागच्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

पिशोरात, सासुरवाडीच्या दारात, सात माणसांची गाडी उभी होती. सासूबाई दगडाबाई कपड्यांची पिशवी काखेत धरून उंबऱ्यावर तयार होत्या. उद्या सकाळी नऊला शहरातल्या दवाखान्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दोन महिने चकरा मारून प्रेरणानं ही तारीख मिळवली होती. हे सोमनाथला माहीत नव्हतं असं नाही. पण आज त्याची अब्रू पणाला लागली होती.

झालं होतं असं, की एका जावळाच्या जेवणात कुणीतरी विचारलं, गाडी किती देते? आपल्याकडं माणसाची तब्येत नंतर विचारतात, गाडीचं ॲव्हरेज आधी. गाडी देत होती लीटरला नऊ. सोमनाथ म्हणाला, साडेअकरा. अर्धा जोडला की थापेला जरा वजन येतं. साडू कडुबा तिथंच बसला होता. पंधरा वर्षं जुन्या डबड्यातून हिंडणारा माणूस, पण तो फिस्सकन हसला. म्हणाला, टाकी टू टाकी करून दाखवा. शर्त लागली. हरेल त्यानं दोन्ही घरांना मटणाचा नान खलिया खाऊ घालायचा.

म्हणून आज सकाळी शहरातून निघताना मुकुंदवाडीच्या पंपावर कडुबानं समोर उभं राहून टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली होती. संध्याकाळी त्याच पंपावर पुन्हा तशीच भरायची. जेवढं डिझेल बसेल, तेवढं जळलं. इथं थापेला जागाच नव्हती.

मग सोमनाथनं वजनाचा ध्यासच घेतला. आधी स्टेपनी उतरवली. मग पोरांच्या पाण्याच्या बाटल्या. मग आईचा पाट. आवडाबाईंना तो पाट लागायचाच, कारण गाडीचं दार त्यांच्या कमरेला यायचं. पायरी होती, पण डोंगरात घासते म्हणून सोमनाथनं ती काढून टाकली होती. डोंगरात गाडी एकदाच गेली, म्हैसमाळला, फोटो काढायला. पाट घरी राहिला तेव्हा प्रेरणा दाराशी खाली बसली. आवडाबाईंनी तिच्या मांडीवर पाय दिला आणि त्या वर चढल्या. ड्रेसवर चपलेचा ठसा उमटला, तो पिशोरला पोचेपर्यंत तसाच होता.

एसी बंद, काचा बंद, ऐन मे महिना. सार्थकला दोनदा उलटी झाली. सायली रडून रडून झोपली. आणि एवढं करून पिशोरला पोचल्यावर पडद्यावर आकडा आला दहा पॉइंट नऊ. परतीला बारावर काढल्याशिवाय सोमनाथची धडगत नव्हती. अशात सासूबाई पिशवी घेऊन उंबऱ्यावर उभ्या.

काळीपिवळी जीप जाते ना रोज, असं त्यानं सुचवलं. डोळ्यांनी धड न दिसणाऱ्या बाईला काळीपिवळीत कोंबायचं, आणि आपण दोन सीटा रिकाम्या पळवायच्या. प्रेरणा भांडली नाही. बारा वर्षं भांडून झालं होतं. तिनं पोरांना हाताला धरून खाली घेतलं आणि आईशेजारी जाऊन उभी राहिली.

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी सोमनाथच्या मनात पहिला विचार आला तो असा, की एकशेवीस किलो तरी कमी झाले.

मागच्या सीटवर आवडाबाई राहिल्या होत्या. त्या कशाबशा सरकत दाराशी आल्या आणि पाय खाली सोडून बसल्या. आई, तू कुठं चाललीस, असं सोमनाथनं विचारलं.

"जिच्या मांडीवर पाय देऊन चढले, ती खाली उतरली," आवडाबाई म्हणाल्या. "आता मी वर बसून काय करू?"

दगडाबाई चाचपडत पुढं आल्या. त्यांनी विहिणीला खांद्याचा आधार दिला. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून घरात गेल्या. माणूस असता तर सोमनाथ तिथंच गाडी सोडून आत गेला असता. त्यानं घड्याळ बघितलं आणि चावी फिरवली.

गाडी अशी कधी चालली नव्हती. ना कुणी पाणी मागितलं, ना कुणी काच उघडली. साठच्या वर काटा गेला नाही. मुकुंदवाडीला कडुबा पंपावर वाट बघत होता. टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरली. एकशेतीस किलोमीटर, डिझेल अकरा पॉइंट तीन लीटर. कडुबानं मोबाइलवर भागाकार केला, परत एकदा केला, आणि आकडा सोमनाथपुढं धरला. बरोबर साडेअकरा.

सोमनाथची छाती फुगली. ही खबर पहिली बायकोच्या तोंडावर मारायची म्हणून त्यानं फोन लावला. फोनमध्ये पलीकडून जीपची घरघर ऐकू येत होती.

"आम्ही काळीपिवळीत बसलोय," प्रेरणा म्हणाली. "मोनिकाकडं उतरतो समदे. उद्याचं ऑपरेशन तिथूनच करू. तुमच्या आई पण तिथंच राहणारेत. घ्यायला येऊ नका, गाडीचं ॲव्हरेज पडंल."

फोन बंद झाला. कडुबालाही तेवढ्यात त्याच्या बायकोचा, मोनिकाचा, फोन येऊन गेला. मग तो आपल्या डबड्याचं दार उघडून म्हणाला,

"साडूभाऊ, शर्त तुम्ही जिंकलात. मी नान खलिया आणायला चाललो. आमच्याकडं तर लई माणसं यायलीत. तुमच्या घरी किती जणांचा देऊ?"

सोमनाथनं मागं वळून गाडीत बघितलं.

"एकाचा," तो म्हणाला.