आपल्याच टीमवर पैज

अठरा पूर्ण व्हायच्या आतच कॉलेजचा गोलकीपर थोरल्या भावाच्या नावाने मोबाईलवर पैजा लावायचा. बिंग फुटलं, तेव्हा तो अगदी रडकुंडीला आला.

"सर, खेळाडूंनी पैज लावायची नसते, चुकलंच माझं. पण दरवेळी आपणच जिंकणार म्हणून लावली, शपथ!"

"आणि दरवेळी आपण हरलो," म्हणत कोचनी कपाळाला हात लावला आणि त्याला वर्षभरासाठी टीमबाहेर काढलं.

पुढच्याच सामन्यात त्याच्या जागी नवखा गोलकीपर उतरला आणि टीम चक्क जिंकली. प्रेक्षकांत बसून तो डोळे पुसत टाळ्या वाजवत होता. कोच शेजारी येऊन बसले, खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले,


"तुला जरा आधीच पकडायला हवं होतं रे!"